कमळजा लाँचची चौऱ्याऐंशी मापं

न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना अपचन झालेलं असतं आणि उरलेल्यांना कोणीतरी आपल्याकडे बघावं असं वाटत असतं... असं माझं मत होतं. अजूनही ते फारसं बदललेलं नाही. वाचत मात्र होतो नियमित. चहाबरोबर हसायला काहीतरी लागतं.

आता माझंच लिहितोय, तेव्हा हसा. फक्त एक विनंती — मला 'एनर्जी', 'व्हायब्रेशन' वगैरे शब्द सांगायला येऊ नका. व्हायब्रेशन मी रोज मोजतो. माझं पोट त्यावर चालतं.

मी बेंगळुरूत अठरा वर्षं आहे, मूळचा पुण्याचा. बोम्मसंद्र्याला इंडस्ट्रियल एरियात माझं छोटं टेस्टिंगचं ऑफिस आहे. स्टीलच्या टाक्या, पाइप, बॉयलर आतून किती झिजलेत ते न कापता सांगायचं, हे माझं काम. त्यासाठी तळहातावर मावेल असं एक यंत्र असतं, आणि त्याला वायरीने जोडलेला बोटाएवढा प्रोब. पत्रा एका जागी घासून रंग काढायचा, थोडं जेल लावायचं, प्रोब टेकवायचा. आवाजाची लहर पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला आपटून परत येते आणि स्क्रीनवर जाडी उमटते. बटण दाबलं की तो आकडा वेळेसकट मेमरीत जातो. यात श्रद्धा, भावना, आठवणी यांचा काही संबंध नसतो. म्हणूनच मला हे काम आवडतं.

आमच्याकडे माझे सासरे राहतात. नाना. वय एक्क्याऐंशी. सासूबाई गेल्यावर वैशाली — माझी बायको — त्यांना कोकणातून इथे घेऊन आली. नाना सव्वीस वर्षं एका पॅसेंजर लाँचवर सारंग होते. म्हणजे लाँच चालवायचे. खाडीच्या या काठावरून त्या काठावर, दिवसातून आठ वेळा. पुढे खाडीवर पूल झाला आणि लाँच बंद पडली, हे त्यांच्या आयुष्यातलं एकमेव दुःख, आणि ते त्यांनी मला किमान दोनशे वेळा ऐकवलं असेल. पूल झाला ते बरंच झालं, असं मी त्यांना तोंडावर सांगायचो. लोक दहा मिनिटांत पलीकडे जातात, बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोचतात. त्यावर नाना गप्प बसायचे. आमचं नातं साधारण असं होतं. माझ्या बाजूने तुच्छता, त्यांच्या बाजूने मौन.

तर ही लाँच — नाव 'कमळजा', बेचाळीस फुटी, पोलादी — पुढे एका हॉटेलवाल्याने विकत घेतली, ट्रेलरवर चढवून घाटातून थेट बेंगळुरूला आणली आणि होसूर रोडच्या बाजूला 'समुद्रकिनारी जेवण' अशा थाटाचं रेस्टॉरंट काढलं. समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर! आत टेबलं, छताला जाळी, वेटरांना खलाशाच्या टोप्या. ते अर्थातच बुडालं. पाण्याबाहेर बुडालेली ती पहिलीच बोट असावी. मग ती भंगारात गेली आणि माझ्या ऑफिसपासून दोन किलोमीटरवरच्या एका यार्डात लाकडी ठोकळ्यांवर येऊन पडली. हे आम्हाला माहीतही नव्हतं.

माहीत झालं ते 'कमळजा वाचवा' ग्रुपमुळे. तन्मय नावाचा एक पुण्याचाच पोरगा, मोठ्या आयटी कंपनीत. त्याने जाता-येता लाँचच्या नाकावरचं मराठी नाव वाचलं आणि त्याला एकदम 'हेरिटेज' आठवलं. दोन दिवसांत ग्रुप, चार दिवसांत नांगराचं चित्र असलेले टी-शर्ट. ग्रुपवर दीडशे माणसं, त्यातली एकही कधी त्या लाँचमध्ये बसलेली नाही. 'आपली मुळं', 'आपला समुद्र'... लिहिणाऱ्याचा जन्म कोथरूडचा! वैशालीने तो फोटो नानांना दाखवला आणि माझी शांतता संपली.

नानांनी फोटो हातात घेतला, चष्मा लावला, काढला, परत लावला.

"हिला कापणार?" त्यांनी विचारलं.

"भंगारात लोखंड कापतातच, नाना," मी म्हटलं.

तन्मयने एक काम मात्र खरंच केलं होतं. शहराबाहेरच्या एका शाळेच्या ट्रस्टला त्याने पटवलं होतं. त्यांच्याकडे मोठं मैदान होतं, लाँच तिथे उभी करून मुलांसाठी वाचनालय करायला ते तयार होते. अट एकच — पत्रा मुलांच्या पायाखाली फाटणार नाही असा लेखी रिपोर्ट हवा. आणि वेळ कमी होता. यार्डाची जागा मूळ जागामालकाला रिकामी करून हवी होती, सोमवारी गॅस कटरवाले येणार होते. रिपोर्ट शनिवारपर्यंत हवा होता. तन्मयला कोणीतरी माझं नाव सांगितलं.

"सर, इट्स फॉर द कम्युनिटी," तो फोनवर म्हणाला.

म्हणजे फुकट. मी नाहीच म्हणणार होतो, पण नाना समोर बसले होते. त्यांनी काही मागितलं नाही. नुसते बघत राहिले. मी म्हटलं, ठीक आहे, गुरुवारी करतो.

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी नानांना गाडीत घालून यार्डात पोचलो. यार्ड चालवणारे बसवराज अण्णा. चिकोडीकडचे, त्यामुळे मराठी बोलणारे. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा.

"या की वो सर! हे काय तुमचे मामा?" त्यांनी नानांकडे बघून विचारलं.

"सासरे. ही लाँच हेच चालवायचे."

अण्णा एकदम वाकून नानांच्या पायाच पडले. "आजोबा, मला माफ करा हं. मी काय मुद्दाम कापत नाही बघा. जागा सोडायची आहे."

नाना म्हणाले, "तुमचा काय दोष?" आणि लाँचकडे गेले. तिच्या पुढच्या बाजूला हात लावून उभे राहिले.  मग शिडी चढायचीच म्हणून हट्ट धरला. अण्णांनी दोन माणसं लावली, मागून-पुढून धरून नानांना वर चढवलं. वर चालकाची जी केबिन असते, तिथे एक मोडकी खुर्ची ठेवून त्यांना बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली. अण्णा आणि त्यांची माणसं पुढच्या गेटजवळ एक लॉरी रिकामी करायला निघून गेली.

मी लाँचभोवती एक चक्कर मारली. रंगाचे पोपडे, गंजाचे फुगे. रेस्टॉरंटवाल्याने जाडजूड निळा रंग थापला होता, तो साप कात टाकतो तसा सुटत होता. ऊन चढलेलं. तळ जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर, म्हणजे पाठीवर सरपटत जायचं, धुळीत. आणि कोणासाठी? टी-शर्टवाल्यांसाठी.

आता जे सांगतोय ते सांगायला लाज वाटते. मी काम केलंच नाही.

माझं गणित असं होतं — अठरा वर्षं पत्रे बघतोय, ही लाँच गेलेली आहे हे डोळ्यांनी कळतंय. नापास करून टाकू. पास केलं आणि पत्रा फाटला तर मुलं जखमी होतील, नापास केलं तर कोणाचंच काही जात नाही. हा सगळा रडारडीचा तमाशा एकदाचा संपेल, आणि नानाही चार दिवस हळहळून मोकळे होतील. मी बॅग उचलली आणि रस्त्यापलीकडच्या दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्याने खायच्या हॉटेलात, जाऊन बसलो.

त्या दर्शिनीत बसायला दोनच टेबलं होती. मी कोपऱ्यातलं धरलं. बॅग खाली ठेवली, तिचा पट्टा पायात अडकवला — महागडं यंत्र असतं, ती सवयच आहे. सेट डोसा घेतला, तीन कॉफ्या घेतल्या आणि फॉर्मवर आकडे भरायला लागलो. चौऱ्याऐंशी जागांचं कोष्टक केलं. नवा पत्रा सहा मिलिमीटरचा असतो, साडेचारच्या खाली आला की चिंता. मी बेधडक लिहीत गेलो — २.८, ३.१, २.६, मध्येच खरं वाटावं म्हणून एखादा ४.९. खोटे आकडे लिहिणं हीसुद्धा एक कला आहे, सगळे सारखे असून चालत नाहीत. मध्ये तन्मयचा फोन आला, दहा-बारा मिनिटं बोलला. लाँचवर छोटी फिल्म करायची म्हणाला. मी म्हटलं, लवकर करा, सोमवारनंतर लाँच नसेल. तो मला वाटतं रडायच्याच बेतात होता. मला मजा वाटली... हेही लिहितो, कारण खरं आहे.

सव्वा वाजता परत आलो. अण्णांची लॉरी अजून रिकामी होत होती. मी लाँचच्या मागच्या बाजूने आत वळलो आणि थांबलो.

निळ्या रंगात चकचकीत गोल दिसत होते. रुपयाच्या नाण्याएवढे. ओळीने, समान अंतरावर, पुढच्या टोकापासून मागपर्यंत. प्रत्येक जागी रंग घासून उघडं पोलाद काढलेलं, त्यावर जेलचा ओला ओघळ, आणि शेजारी खडूने आकडा. मराठी आकडा. १, २, ३... मी आकडे इंग्रजीत लिहितो, पहिल्यापासून. मी वाकून खाली बघितलं. तळालाही तेच.

वरून नानांचा आवाज आला. "झालं काय मोजून, रवीराव?"

मी खांद्यावरची बॅग चाचपली.

"सावकाश केलंत, बरं केलंत," नाना म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच होता, ओला. "मी इथे बसून ऐकत होतो. घासल्याचा आवाज येत होता सारखा. तुम्ही एकदा हाक मारली असती तर मी काही लागलं-सवरलं दिलं असतं खाली. पण म्हटलं, कामात माणूस आहे, कशाला मध्ये बोला."

मी बॅग उघडली. सकाळी सॅंडपेपरचा कोरा गठ्ठा टाकला होता. निम्मे कागद झिजून गुळगुळीत झालेले, दोन घड्या घातलेले. जेलची बाटली अर्धी. यंत्र चालू केलं. सकाळी मी स्वतः मेमरी रिकामी केली होती. आता स्क्रीनवर होतं — ८४. पहिलं माप अकरा बावन्नचं, शेवटचं एक वाजून सहा मिनिटांचं. त्या सगळ्या वेळात ती बॅग दर्शिनीत माझ्या पायात होती. तन्मयशी बोलत होतो त्या दहा-बारा मिनिटांतसुद्धा अकरा मापं घेतलेली होती.

पहिला विचार आला तो रागाचा. कोणीतरी माझी थट्टा करतंय. मी तडक गेटवर गेलो.

"अण्णा, तुमच्यापैकी कोण लाँचखाली गेलं होतं?"

"कोण जाणार वो? सगळे इथंच आहेत बघा. लॉरीवाला जागा सोडा म्हणून डोकं खातोय." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "स्वल्प बसा सर. पाणी पिता का? तोंड उतरलंय तुमचं."

नानांना खाली उतरवलं. जाता जाता ते एका आकड्यापाशी थांबले. १७. बराच वेळ बघत राहिले. त्यातला सात उलटा होता, आरशात बघितल्यासारखा.

"हा सात तुम्ही काढलात?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार होतो? मी हॉटेलात डोसा खात होतो? मी म्हटलं, "हो. आडवं पडून लिहिलं, चुकला असेल."

"बरं," नाना म्हणाले. गाडीत मागे वळून यार्डाकडे बघत राहिले.

घरी जेवताना मात्र वैशालीला सांगायला लागले. "वैशू, तुझ्या नवऱ्याने आज काय काम केलं म्हणून सांगू. दीड तास पाठीवर पडून होता उन्हात. मी आजवर यांना चुकीचं समजलो. तोंडाने फटकळ, पण माणूस कामाला सच्चा." आणि माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

तो भात मी तसाच ठेवला. मी हात धुतला आणि सगळं सांगून टाकलं. दर्शिनी, खोटे आकडे, बॅग, पट्टा, सगळं. वैशाली माझ्याकडे अशी बघत होती की मी त्यापेक्षा शिव्या पत्करल्या असत्या.

"बाबांना खुर्चीत बसवून तू हॉटेलात गेलास?" ती म्हणाली. यंत्राचं, आकड्यांचं तिला काहीच वाटलं नव्हतं. तिला एवढंच ऐकू आलं होतं.

नाना मात्र चकित झाले नाहीत. "मग तो सात कोणाचा ते मला माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण तुम्हाला सांगून मला माझं हसं करून घ्यायचं नाही."

"नाही हसणार."

"तुम्ही हसता, रवीराव. तोंडाने नाही हसत, पण हसता."

 मग वैशालीनेच विचारलं, "महादूकाका?"

महादू हा कमळजेवरचा इंजिन ड्रायव्हर. लाँचवर दोन माणसं महत्त्वाची — वर सारंग, खाली इंजिनाच्या धगीत ड्रायव्हर. वरून घंटेचे ठोके द्यायचे, त्याप्रमाणे खालचा माणूस इंजिन पुढे, मागे, बंद करणार. सव्वीस वर्षं हे दोघे असेच एकमेकांशी ठोक्यांनी बोलत होते. महादू शाळेत गेलेला नव्हता. डिझेलची नोंद ठेवता यावी म्हणून नानांनी त्याला आकडे शिकवले, खडूने, इंजिनरूमच्या भिंतीवर. सगळे जमले, सात शेवटपर्यंत उलटाच राहिला. नाना चिडायचे आणि तो म्हणायचा, 'सारंगानु, माका तसोच दिसता.' मोजमापाचं त्याला वेड होतं. पाणी किती, तेल किती, पत्रा कुठे मऊ झालाय... दर पावसाळ्यात लाँच काठावर ओढली की तो हातोडीने ठोकून ठोकून तळाचा सगळा पत्रा तपासायचा. दुसऱ्या कोणाला करू द्यायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी तो आजारपणात गेला. नाना तेव्हा आमच्याकडेच होते. तेराव्याला तरी जाऊन येतो म्हणाले होते. मला ते आठवलं, आणि मी काय बोललो होतो तेही आठवलं. 'एका इंजिन ड्रायव्हरच्या तेराव्याला एवढ्या लांब?' नाना गेले नव्हते.

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे नाही. माझा विश्वास बसला नाही. मी स्वतःला बजावलं, म्हातारा माणूस आहे, मुलगी हळवी आहे, आणि यंत्र बिघडलेलं आहे.

म्हणून शुक्रवारी सकाळी एकटा गेलो. माझं यंत्र आणि ओळखीच्या एकाकडून मागून आणलेलं दुसरं, अशी दोन्ही घेऊन. या वेळी खरोखरच पाठीवर पडलो. खडूच्या प्रत्येक आकड्यावर प्रोब टेकवून दोन्ही यंत्रांनी माप घेतलं. अकरा तास लागले असं वाटलं, प्रत्यक्षात साडेतीन. मेमरीतल्या आकड्यांशी ताडून पाहिलं.

५.४१ ला ५.४१. ५.२७ ला ५.२७. शेवटपर्यंत. एवढी जुळणी मी स्वतः तीच जागा दोनदा मोजली तरी येत नाही. दुसऱ्या दशांशात थोडाफार फरक पडतोच, हात हलतो, जेल कमी-जास्त होतं. इथे फरक शून्य.

आणि डोळ्यांनी गेलेली वाटणारी ती लाँच आतून ठणठणीत होती. फक्त मागच्या बाजूला, पंख्याजवळ, तीन पत्रे खरंच झिजलेले होते. ते बदलले की झालं. अठरा वर्षांचा माझा अनुभव आणि माझी नजर, दोन्ही साफ चुकली होती. मी लिहिलेला कागद गेला असता तर चांगली लाँच सोमवारी कापली गेली असती.

एकच गोष्ट जुळली नाही. आकडे सापडले त्र्याऐंशी. ६१ कुठेच नव्हता. मेमरीत होता — ५.३८ — पण पत्र्यावर नाही. साठ दिसला, बासष्ट दिसला, मधली जागा नेमकी एका जाड लाकडी ठोकळ्यावर टेकलेली. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. म्हटलं, चला, कुठेतरी चूक आहे तर. चूक म्हटली की ती करणारा माणूसही असणारच.

रिपोर्ट त्याच दिवशी पाठवला. चौऱ्याऐंशी मापं जशीच्या तशी, तीन पत्रे बदलण्याची सूचना, खाली माझी सही. शाळेने शनिवारी होकार कळवला. 'कमळजा वाचवा' ग्रुपवर टाळ्यांचा आणि नांगरांचा पाऊस पडला. तन्मयने मला 'रिअल हिरो' म्हटलं. मी ग्रुप म्यूट केला.

सोमवारी सकाळी गॅस कटरऐवजी क्रेन आली. टी-शर्टवाले पंधरा-वीस जण हजर, ड्रोन उडतोय, एकीने नारळ आणलेला. तन्मय कॅमेऱ्याकडे तोंड करून 'बंदर', 'परंपरा' असं काहीतरी बोलत होता. नाना एका बाजूला खुर्चीत, वैशाली त्यांच्याजवळ. पट्टे घातले, क्रेनने ताण घेतला, लाँच हातभर वर उचलली गेली. ठोकळे मोकळे झाले.

मी आणि बसवराज अण्णा खाली वाकून बघत होतो. तिसऱ्या ठोकळ्याच्या वरच्या जागी, जिथे लाकूड पत्र्याला घट्ट चिकटून होतं, तिथे एक चकचकीत गोल होता. जेल अजून ओलं. शेजारी खडूने, एका रेघेतही न पुसलेलं — ६१.

अण्णांचा मोठा आवाज एकदम बारीक झाला. "सर... हे लाकूड मी स्वतः घातलोय. सहा महिने झाले. त्यानंतर ही बोट हललीच नाही वो."

मी क्रेनवाल्याला हात करून थांबवलं. बाजूने हात लांब घालून प्रोब टेकवला. ५.३८.

"सरी," अण्णा एवढंच म्हणाले, कानडीत 'बरं' म्हणतात तसं. चप्पल काढून त्यांनी लाँचला हात जोडले. मी उभाच राहिलो, यंत्र हातात घेऊन. बाकी कोणाचं लक्षच नव्हतं, सगळे ड्रोनकडे बघून हात हलवत होते. नाना तेवढे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, एकसष्ट सापडला. त्यांनी मान हलवली, जणू कोणाची तरी जुनी खोड ऐकली.

पुढचं साधं आहे. यशवंतपूरच्या एका वर्कशॉपने तीन पत्रे बदलले, मी समोर उभा राहून करून घेतले. लाँच आता त्या शाळेच्या मैदानात आहे. मुलं आत बसून वाचतात, निदान आरडाओरडा तरी करतात. टी-शर्टवाल्यांपैकी परत तिथे कोणी गेलेलं नाही, त्यांना आता कुठल्यातरी जुन्या थिएटरला वाचवायचं आहे. नाना एकदा जाऊन आले. 'शाळेने रंग फार भडक दिलाय' म्हणाले. त्यानंतर दोन दिवसांनी मी स्वतःहून गाडी काढली आणि त्यांना महादूच्या घरी घेऊन गेलो. तिथे काय झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, ते त्या दोन कुटुंबांचं आहे.

खुलासा माझ्याकडे नाही. लोकांनी सुचवलेले सगळे तपासून झालेत. यार्डातल्या माणसांनी केलं? त्यांना यंत्र चालवता येत नाही, आणि यंत्र त्यांच्याजवळ नव्हतंच. नानांनी केलं? त्यांना शिडी उतरायला दोन माणसं लागतात. मीच भ्रमात केलं? मग दर्शिनीतल्या टेबलावर तन्मयशी कोण बोलत होतं, आणि ठोकळ्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये माझा हात कसा गेला? काही सज्जनांनी 'तुमच्या अंतर्मनाने' असं सुचवलं. माझ्या अंतर्मनात काय होतं ते त्या खोट्या फॉर्मवर लिहिलेलं आहे. तो फॉर्म मी अजून फाडलेला नाही.

शेवटी मी यंत्र कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरकडे दिलं. बिघाड शोधा म्हटलं. त्याने दोन दिवस ठेवून घेतलं. प्रत्येक मापाबरोबर आवाजाच्या लहरीची आकृतीही मेमरीत साठते, ती सगळी उलगडून बघितली. मग फोन केला. यंत्र उत्तम आहे, म्हणाला. सगळी मापं व्यवस्थित टेकवून घेतलेली आहेत.

"सर, एक विचारू? ही चौऱ्याऐंशी रीडिंग्ज कोणी घेतली? एवढा स्थिर हात मी बघितलेला नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये दाखवायला वापरू का?"

 मी म्हटलं, वापरा. नाव विचारलं तर 'महादू ड्रायव्हर' सांगा.